वाचकांचे प्रश्न : यिर्मयाचा लेखनिक बारूख

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला पंचेचाळिसावा अध्याय अवघ्या पाच वचनांचा आहे आणि तो सगळा बारूख नावाच्या लेखनिकाला उद्देशून आहे. या माणसाने संदेष्ट्याचे शब्द लिहून काढले, जिवावर उदार होऊन ते मंदिरात वाचून दाखवले, आणि शाबासकीऐवजी त्याच्या वाट्याला आली ती ‘तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टींची इच्छा धरतोस काय? धरू नकोस’ अशी कानउघाडणी. असे का? बारूख हा केवळ सांगितलेले उतरवून घेणारा कारकून होता की आणखी कोणी?

उत्तर : आपल्या प्रश्नात घटनांचा एक क्रम गृहीत धरलेला आहे, आधी त्याकडे पाहू. पुस्तक पहिल्यापासून वाचत गेले की छत्तिसाव्या अध्यायात मंदिरातले वाचन येते, त्रेचाळिसाव्यात बारूख मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, नेला जातो आणि मग पंचेचाळिसाव्यात त्याला बोल लावला जातो, त्यामुळे आयुष्यभराच्या चाकरीचे हेच फळ, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात काळ नोंदवलेला आहे : यहूदाचा राजा यहोयाकीम याचे चौथे वर्ष, म्हणजे इ.स.पू. ६०५च्या सुमाराचा काळ, जेव्हा बारूख यिर्मयाच्या तोंडचे शब्द लिहून घेत होता. मंदिरातले वाचन झाले ते पाचव्या वर्षाच्या नवव्या महिन्यात. म्हणजे ही कानउघाडणी वाचनाच्या आधीची आहे. बारूखाने जीव धोक्यात घातला तो हे बोल ऐकून घेतल्यानंतर, आणि एवढा क्रम नीट लावला की त्या पाच वचनांचा सूरच पालटतो.

आता हा माणूस कोण होता ते पाहू. तो नेरीयाचा पुत्र आणि महसेयाचा नातू. इब्री शास्त्रात ज्याच्या आजोबांचेही नाव सांगितले जाते, तो सहसा ऐऱ्यागैऱ्या घरातला नसतो. त्याचा भाऊ सराया हा पुढे सिद्कीया राजाच्या दरबारात अधिकारी होता आणि राजाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी राजाबरोबर बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, गेला होता. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफस यानेही बारूख थोर घराण्यातला आणि स्वभाषेत विशेष निपुण असल्याचे लिहिले आहे. त्या काळी लिहिता येणे ही थोड्यांची विद्या होती आणि राजवाड्यातला चिटणीस हा राज्यातल्या वरच्या मानकऱ्यांपैकी एक असे. तेव्हा कारकून हा शब्द बारूखाला फार तोकडा पडतो. राजवाड्यातल्या चिटणिसाच्या दालनात ज्याला सहज जागा मिळाली असती, असा हा तरुण होता, आणि तो लेखणी घेऊन बसला कोणापुढे, तर मंदिरात जाण्याचीही मनाई झालेल्या एका संदेष्ट्यापुढे.

लिहायचे काय होते, तेही लक्षात घ्यावे. योशीया राजाच्या तेराव्या वर्षापासून पुढच्या तेवीस वर्षांत यिर्मया जे जे बोलला होता, ते सर्व एका ग्रंथपटावर उतरवायचे होते. यरुशलेमकरांनी ती वचने तुकड्यातुकड्यांनी, वर्षावर्षाच्या अंतराने ऐकली असतील आणि विसरलीही असतील. सगळी वचने सलग, एकामागून एक, पहिल्यांदा कोणी ऐकली असतील तर ती बारूखाने. उत्तरेकडून येणारे संकट, ओस पडणारी नगरे, न पुरलेली प्रेते हे सारे त्याच्या हातून अक्षर अक्षर कागदावर येत होते, आणि त्याच वर्षी कर्कमीशच्या लढाईत बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मिसरच्या सैन्याचा मोड केला होता. यहोयाकीमाला गादीवर बसवले होते ते मिसरच्याच फारोने. त्यामुळे ही बातमी यरुशलेमेत काय भीती घेऊन आली असेल हे सांगायला नको. अशा वेळी बारूख म्हणाला की, परमेश्वराने माझ्या दुःखात भर घातली, मी कण्हून कण्हून थकलो आणि मला विसावा मिळत नाही. हे गाऱ्हाणे हुद्दा हुकल्याचे आहे, असे पुष्कळ जण मानतात. मला ते अर्धेच पटते. उत्तरात ‘मोठमोठ्या गोष्टी’ आहेत हे खरे, आणि त्या घरच्या मुलाला मोठ्या गोष्टी म्हणजे काय ते घरातच कळत असणार. पण गाऱ्हाण्यात हुद्द्याचा शब्दही नाही, थकवा आहे.

मूळ इब्रीत इथे एक गंमत दडलेली आहे, जी भाषांतरात हाती लागत नाही. बारूख ज्याला विसावा म्हणतो तो शब्द ‘मनुखा’ असा आहे. सराया या भावाच्या हुद्द्याचे नाव एक्कावन्नाव्या अध्यायात येते, ते ‘सर मनुखा’, अर्थात राजाच्या मुक्कामाची, विसाव्याची व्यवस्था पाहणारा अधिकारी. एका भावाच्या हुद्द्यातच विसावा आहे आणि दुसरा म्हणतो की मला तो सापडला नाही. हा शब्दांचा योगायोग असेलही, परंतु ज्याने ही पाने जुळवली त्याच्या कानाला तो ऐकू आला नसेल, असे मानणे मला जड जाते.

मिळालेले उत्तरही निव्वळ कानउघाडणी नाही. मी जे बांधले ते मोडतो आहे, मी जे लावले ते उपटतो आहे, असे देव आधी सांगतो, म्हणजे बारूखाच्या दुःखाशेजारी स्वतःचे दुःख ठेवतो. आणि शेवटी म्हणतो की, तू जिथे जिथे जाशील तिथे तुझा जीव तुला लूट म्हणून देईन. लूट हा शिपायाच्या बोलीतला शब्द आहे. लढाई हरलेल्या सैनिकाला लूट मिळत नाही. तो स्वतः जिवंत घरी आला तर तोच त्याचा लाभ. यिर्मयाला चिखलाच्या विहिरीतून जुन्या चिंध्या आणि दोर सोडून वर काढणाऱ्या एबद-मलेख या कूशी सेवकालाही पुढे याच शब्दांत अभय मिळाले आहे. संपूर्ण नगराची राखरांगोळी होणार असताना हे वचन मिळणे लहान नव्हते.

त्यानंतरचा प्रसंग छत्तिसाव्या अध्यायात इतक्या बारकाव्यांसह आला आहे की, तो पाहणाऱ्याने लिहिला असावा असे वाटत राहते. नववा महिना, थंडीचे दिवस, उपासाची घोषणा झालेली, यहूदाच्या गावोगावचे लोक मंदिरात जमलेले. बाबेलच्या इतिवृत्तात याच महिन्याच्या सुमारास, इ.स.पू. ६०४मध्ये, नबुखद्नेस्सराने समुद्रकाठचे अष्कलोन घेतल्याची नोंद आहे, त्यावरून उपास कशासाठी होता याचा तर्क करता येतो. बारूखाने वरच्या अंगणात, नव्या वेशीजवळ, शाफान चिटणिसाचा पुत्र गमऱ्या याच्या खोलीतून तो ग्रंथपट लोकांना वाचून दाखवला. गमऱ्याचा मुलगा मीखाया ते ऐकून धावत राजवाड्यात गेला, सरदारांनी बारूखाला बोलावून घेतले आणि ‘बैस आणि आम्हांला वाचून दाखव’ असे म्हटले. त्याला बसायला सांगितले, हा तपशील चटकन नजरेतून निसटतो. आरोपीला कोणी आसन देत नाही. वाचून झाल्यावर ते घाबरून एकमेकांकडे पाहू लागले आणि त्यांनी विचारले की, हे तू कसे लिहिलेस? बारूखाचे उत्तर फार साधे आहे : तो तोंडाने सांगत गेला आणि मी शाईने लिहीत गेलो. संपूर्ण इब्री शास्त्रात शाई हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. राज्य हादरवणाऱ्या मजकुराविषयी विचारणा होत असताना लेखनिकाला आपली शाई आठवावी, हे मला फार खरे वाटते.

सरदारांनी त्याला आणि यिर्मयाला लपून बसायला सांगितले आणि मग राजाला वर्दी दिली. राजा हिवाळ्याच्या महालात शेगडीपुढे बसला होता. यहूदी नावाच्या सेवकाने तीन-चार रकाने वाचले की राजा तेवढा भाग चाकूने कापी आणि शेगडीत टाकी, असे करत सगळा पट त्याने जाळला. हा चाकू म्हणजे तलवार किंवा कट्यार नव्हे. मूळ शब्द ‘लेखनिकाचा चाकू’ असा आहे, म्हणजे बारूखाच्याच धंद्यातले हत्यार. त्याच शाफानाने एके काळी राजाचा बाप योशीया याला मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ वाचून दाखवला होता आणि तो ऐकून योशीयाने आपली वस्त्रे फाडली होती. बापाने वस्त्रे फाडली, मुलाने ग्रंथ फाडला. इब्रीत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे, आणि राजाने व त्याच्या सेवकांनी वस्त्रे फाडली नाहीत असे कथनकार मुद्दाम नोंदवून ठेवतो. एलनाथान, दलाया आणि गमऱ्या या तिघांनी मात्र राजाला जाळू नका म्हणून विनवले. यांतला एलनाथान तोच, ज्याने मिसरात पळालेल्या उरीया संदेष्ट्याला राजाच्या हुकमाने धरून आणले होते आणि राजाने त्या संदेष्ट्याला ठार केले होते. एकदा हाताला रक्त लागलेला माणूस दुसऱ्या वेळी कचरतो, हे त्या एका वाक्यात आले आहे.

राजाने दोघांना पकडण्याचा हुकूम सोडला. ते सापडले नाहीत. यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले, आणि नव्या पटात पहिल्यापेक्षा अधिक मजकूर भरला. शेगडीपासून सुरू झालेल्या या दुसऱ्या पटाचाच विस्तार होत होत आजचे पुस्तक झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांतला बेर्नहार्ड डूम याने तर १९०१ साली असे मांडले की, पुस्तकातली काव्ये यिर्मयाची, त्याच्या आयुष्याच्या कथा बारूखाच्या आणि उरलेला भाग पुढच्या हातांचा. ती वाटणी आज इतक्या ठामपणे कोणी करत नाही, पण कथाभागाच्या मागे बारूखाची लेखणी पाहण्याची सवय अजून गेलेली नाही.

यानंतर तो पुन्हा दिसतो तो सिद्कीयाच्या दहाव्या वर्षी, नगराला वेढा पडलेला असताना. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत होता आणि चुलतभाऊ हनामेल याच्याकडून त्याने अनाथोथ येथले शेत सतरा शेकेल चांदी, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम चांदी, तोलून देऊन विकत घेतले. खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद आणि दुसरी उघडी, अशा दोन्ही प्रती त्याने साक्षीदारांसमक्ष बारूखाच्या हाती दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून त्या मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले. शत्रूच्या ताब्यात गेलेले शेत घेणे हा वेडेपणा होता. तो कायदेशीर रीतीने, कागदपत्रांसह, टिकाऊ करून ठेवण्याचे काम बारूखाकडे आले.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे सर्वांत थेट उत्तर मात्र त्याच्या वैऱ्यांनीच दिलेले आहे. नगर पडल्यावर, सुभेदार गदल्याचा खून झाल्यावर, मागे उरलेल्यांचे पुढारी अजऱ्या आणि योहानान मिसरला पळून जायला निघाले. यिर्मयाने जाऊ नका म्हणून सांगितले तेव्हा ते त्याला म्हणाले की, हे तुझे बोलणे नव्हे, आम्हांला खास्दी (म्हणजे बाबेलच्या) लोकांच्या हाती द्यावे म्हणून नेरीयाचा पुत्र बारूख तुला आमच्याविरुद्ध चिथावतो आहे. आरोप खोटा होता. पण केवळ उतरवून घेणाऱ्या माणसावर असा आरोप कोणाला सुचला नसता.

प्रश्न : बारूखाच्या बोटाचा ठसा उमटलेला त्याचा प्रत्यक्ष शिक्का सापडला आहे, असे मी एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे काय?

उत्तर : अनेक वर्षे असे मानले जात होते, म्हणून व्याख्यात्यांना दोष देता येत नाही. मातीच्या ज्या गोळीवर मुद्रा उमटवून दस्तऐवजाची दोरी बंद करीत, तशी एक गोळी १९७० नंतरच्या दशकात यरुशलेमच्या पुराणवस्तूंच्या बाजारात आली. तिच्यावर ‘नेरीयाहूचा पुत्र बेरेख्याहू, लेखक याची’ अशा अर्थाची तीन ओळींची अक्षरे होती, आणि बेरेख्याहू हे बारूख या नावाचे पूर्ण रूप आहे. नाहमान अविगाद या नामांकित पुरातत्त्वज्ञाने ती प्रसिद्ध केली. पुढे १९९६मध्ये त्याच मुद्रेची दुसरी गोळी उजेडात आली आणि तिच्या कडेला बोटाचा ठसा होता. तो खुद्द बारूखाचाच, अशी कल्पना मग सर्वत्र पसरली. दोन्ही गोळ्या उत्खननात सापडलेल्या नव्हत्या, हीच मुळात शंकेची जागा होती. युवाल गोरेन आणि एरान आरिए या संशोधकांनी त्यांची प्रयोगशाळेत तपासणी केली आणि २०१४मध्ये दोन्ही गोळ्या आधुनिक काळातल्या बनावट वस्तू असल्याचा निष्कर्ष मांडला. तो ठसा बारूखाचा नाही, असेच आता धरून चालावे.

तथापि या प्रकरणात हाती काहीच उरत नाही असे नाही. १९८२ साली यरुशलेमच्या दाविदाच्या नगरीत यिगाल शिलो यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रशुद्ध उत्खनन चालू असताना एका घरात अशा पन्नासाहून अधिक गोळ्यांचा साठा मिळाला, आणि त्यांतल्या एकीवर ‘शाफानाचा पुत्र गमऱ्याहू याची’ अशी अक्षरे आहेत. ज्याच्या खोलीतून बारूखाने ग्रंथपट वाचला आणि ज्याने राजाला शेगडीपुढे विनवले, तोच हा गमऱ्या असावा, असे मानण्याजोगे काळ, ठिकाण आणि बापाचे नाव हे तिन्ही दुवे जुळतात. या गोळ्यांच्या मागच्या बाजूला पपायरसच्या धाग्यांच्या आणि दोरीच्या खुणा आहेत, पण ज्या दस्तऐवजांना त्या लावलेल्या होत्या त्यांतला एकही शिल्लक नाही. इ.स.पू. ५८६मध्ये बाबेलच्या सैन्याने नगर जाळले तेव्हा कागद जळून गेले आणि कच्च्या मातीच्या गोळ्या त्याच आगीत भाजून पक्क्या झाल्या. यहोयाकीमाच्या शेगडीतून ग्रंथाचे शब्द वाचले ते माणसाच्या स्मरणामुळे. गमऱ्याचे नाव वाचले ते नगर पेटवणाऱ्या आगीमुळे.

प्रश्न : काही बायबलांत ‘बारूख’ नावाचे स्वतंत्र पुस्तक असते आणि काहींत नसते. ते त्यानेच लिहिले का, आणि अखेर त्याचे काय झाले?

उत्तर : ते पुस्तक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलांत आहे, प्रोटेस्टंट बायबलांत आणि यहुदी शास्त्रसंग्रहात नाही. ते बारूखाच्या नावावर असले तरी त्याच्या काळानंतर काही शतकांनी आकाराला आले आहे, हे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत मला मान्य आहे. आतल्या आत एक विसंगतीही आहे : यिर्मयाच्या पुस्तकात बारूख मिसरच्या सीमेवरच्या तहपन्हेस येथे नेला जातो, तर या पुस्तकात नगर जळाल्यानंतर पाचव्या वर्षी तो बाबेलमध्ये बंदिवान राजापुढे वाचन करीत आहे. इ.स. ७०मध्ये दुसरे मंदिर पडल्यावर यहुदी लेखकांना पहिल्या मंदिराच्या पाडावाचा साक्षीदार हवा होता. तेव्हा सुरियानी आणि ग्रीक भाषांत टिकून राहिलेल्या आणखी काही ग्रंथांत त्यांनी बारूखालाच द्रष्टा केले, त्याला स्वर्गाची सफरही घडवली. यिर्मयाचा शब्द लिहिणारा स्वतः बोलू लागला.

यिर्मयाच्या पुस्तकात त्याचा माग तहपन्हेसपाशी संपतो. मात्र त्याच पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात अध्यायांचा क्रम निराळा आहे : परराष्ट्रांविषयीची वचने तिथे मध्यावर आणलेली आहेत, त्यामुळे बारूखाची ती पाच वचने जवळजवळ शेवटी, ऐतिहासिक पुरवणीच्या अगदी आधी येतात. दस्तऐवज लिहून झाल्यावर खाली लेखनिकाने आपले नाव घालावे, तशी ती तिथे दिसतात, आणि नावासोबत त्याने स्वतःला मिळालेले बोलही तसेच राहू दिले आहेत.

यहुदी गुरुपरंपरेने त्याला संदेष्ट्यांत गणले आणि एज्रा शास्त्री हा त्याचा शिष्य असल्याचे सांगितले. बाबेलच्या बंदिवासातून परतणाऱ्या पहिल्या लोकांबरोबर एज्रा यरुशलेमला का गेला नाही, तर गुरू बारूख हयात होता म्हणून, अशी ती कथा आहे. वर्षांचा हिशेब केला तर ती टिकत नाही, कारण दोघांच्या काळात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर पडते. पण बारूख स्वतः तरी का परतला नाही, याचे त्या कथेत दिलेले कारण मला आवडते. तो ‘आदाम गादोल’ आणि वृद्ध झाला होता, त्याला पालखीतूनही नेणे शक्य नव्हते, असे ती म्हणते. गादोल म्हणजे मोठा, देहाने किंवा योग्यतेने. आणि तरुणपणी ज्या ‘मोठमोठ्या गोष्टी’ मागू नकोस असे त्याला सांगितले होते, तिथेही मूळ शब्द हाच आहे.